बाई फक्त फ्रेंचच बोलतात!

मुलांनो, समजा शाळेचा पहिला दिवस आहे. बाई वर्गात येतात, हसून म्हणतात, ''बोंजूर!'' मग उघड्या दाराकडे बोट दाखवून म्हणतात, ''फेर्मे ला पोर्त!'' तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहता. बाई स्वतःच जाऊन दार लावतात आणि पुन्हा तेच म्हणतात. आता पेटली ना ट्यूब? 'पोर्त' म्हणजे दार! कुणी मराठीत अर्थ सांगितला नाही, तरी कळलं.

असा वर्ग खरोखरच भरला होता, कॅनडा देशात. तिथल्या क्विबेक प्रांतात बहुतेक लोक फ्रेंच बोलतात. पण माँट्रियल शहराजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात कितीतरी घरांत इंग्रजीच चालायची. ही मुलं शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकत. शब्दार्थ पाठ, क्रियापदांची रूपं पाठ. आणि शेजारच्या फ्रेंच मुलाशी बोलायची वेळ आली, की तोंडाला कुलूप!

१९६३ साली तिथले काही आईवडील एकत्र जमले. त्यांचं म्हणणं साधं होतं : फ्रेंच हा नुसता एक विषय नको, सगळे विषयच फ्रेंचमधून शिकवा. शाळेच्या कारभाऱ्यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. पालकांनी दोन वर्षं पिच्छा पुरवला. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांचा सल्ला घेतला. अखेर १९६५ च्या सप्टेंबरमध्ये २६ चिमुकल्यांचा बालवर्ग सुरू झाला.

या वर्गात बाई फक्त फ्रेंच बोलत. मुलांना मात्र सुरुवातीला इंग्रजीत बोलायची मुभा होती, बरं का! तान्हं बाळ नाही का, आधी महिनोन्‌महिने ऐकतं आणि मग बोबडं बोलतं? अगदी तसंच. गाणी, खेळ, चित्रं यांतून शब्द कानावर पडत राहिले आणि हळूहळू ओठांवर आले. पहिलीत लिहायला-वाचायलाही मुलं फ्रेंचमधूनच शिकली. इंग्रजीचा तास दुसरीपासून सुरू झाला.

''आपली मुलं दोन्हीकडून मागे पडतील का?'' ही धाकधूक होतीच. म्हणून लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी दरवर्षी मुलांच्या परीक्षा घेत. इंग्रजी वाचनात मुलं आधी थोडी मागे होती, पण लवकरच बरोबरीला आली. गणितातही कमी पडली नाहीत. आणि ऐकलेलं फ्रेंच तर त्यांना छान कळू लागलं.

एक उणीव मात्र राहिली. अशा वर्गांतल्या मुलांच्या बोलण्यात व्याकरणाच्या चुका पुढेही होत राहिल्या. का बरं? कारण फ्रेंच बोलायचं ते वर्गात, बाईंशी. मैदानावर मित्रांशी आपली इंग्रजीच! म्हणजे नुसतं ऐकून भागत नाही. त्या भाषेत भांडायला, हसायला, गप्पा मारायला सोबतीही हवेत.

आज कॅनडात चार लाखांहून जास्त मुलं अशा वर्गांत शिकतात.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. ''मग आमच्या मुलाशी आजपासून घरात इंग्रजीच बोलतो,'' असं ठरवू नका हं! सेंट लॅम्बर्टच्या मुलांची मातृभाषा घरात, दारात, सगळीकडे भक्कम होती. नवी भाषा त्यात भर घालायला आली, जुनीला हाकलायला नव्हे. लॅम्बर्ट यांनी पुढे हाच फरक पुन्हा पुन्हा समजावून सांगितला. तेव्हा घरातली मराठी भरपूर असू द्या.

आणि मुलांनो, तुमच्या शेजारी कानडी, गुजराती किंवा बंगाली बोलणारं कुणी राहतं का? मग रोज दहा मिनिटं त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलायचं. पाणी मागा, नाव विचारा, हिशेब करा. चुकाल, ते हसतील, तुम्हीही हसा. पण बोलणं थांबवू नका!