बर्फगाडीची शिदोरी

डोंगरकड्याच्या केळीबागांत वाढलेल्या मुलांना बर्फ ठाऊक तो सरबतातला. परंतु हल्ली आपल्या घरांतील तरुण मंडळी हिवाळ्यात गुलमर्गास जाऊन स्नो-स्कूटरवर फिरून येतात. या वाहनास पुढे दोन घसरपट्ट्या व मागे फिरता रबरी पट्टा असतो. यंत्राची गती त्या पट्ट्याकडे नेणारी वादी तुटली, की यंत्र नुसते गर्जते. गाडी जागची हालत नाही. म्हणून एक जादा वादी, स्पार्क प्लग व त्याचा पाना बरोबर हवाच. जुना गाडीवान वंगणाचा नळा टांगल्यावाचून बैल जुंपीत नसे, तशातलेच हे.

परंतु हत्यारे चालली नाहीत तर? भुसभुशीत बर्फात पाय मांडीपर्यंत रुततो. गाडीने दहा मिनिटांत तोडलेली वाट पायी सरता सरत नाही, आणि दिवस मावळताच थंडी जिवावर बेतते. तेव्हा गाडीपाशीच थांबावयाचे, हे धरूनच बांधाबांध करावी. फावडे, दोर, विजेरी, शिटी, मेणकापडात गुंडाळलेली काड्यांची पेटी, गुळाशेंगदाण्याचे लाडू आणि कोरडे लोकरी मोजे. सुती वस्त्र भिजले की ऊब देत नाही. तहानेपोटी बर्फ खाऊ नये, अंगातली ऊब जाते. दूरध्वनी आतल्या खिशात असावा. गारठ्याने त्याची बॅटरी लवकर उतरते. गाडी भाड्याची असल्यास मालकास निघण्यापूर्वीच हत्यारे दाखवावयास सांगावे. त्यात संकोच कसला?