जोडी किती, धुरकरी किती?

२१-०.

२०१८ च्या फॉर्म्युला वन हंगामात फर्नांडो अलोन्सो आणि स्टॉफेल वानडोर्न मॅक्लारेन संघाच्या एकसारख्या गाड्या चालवत होते. मुख्य शर्यतीत कोण कुठून सुटणार, हे आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत ठरतं. त्या वर्षी अशा २१ फेऱ्या झाल्या आणि २१ च्या २१ वेळा अलोन्सो वानडोर्नच्या पुढे राहिला. दोघं तोडीस तोड असते आणि निकाल नुसत्या नाणेफेकीवर लागला असता, तर एकाने दुसऱ्याला असं २१-० ने मागे टाकण्याची शक्यता साडेदहा लाखांत एक आहे. थोडक्यात, हे नशिबाच्या खात्यावर मांडता येत नाही.

आता त्याच हंगामाचा दुसरा आकडा. वर्षअखेर अलोन्सो ५० गुणांवर अकरावा आला. विजेत्या लुईस हॅमिल्टनचे गुण होते ४०८.

जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादकडे शंकरपट, म्हणजे बैलजोडीच्या शर्यती, पाहत वाढलेल्या माणसाला यात कोडं वाटणार नाही. बैलजोडी हाकणारा धुरकरी पक्का होता, जोडी कमी पडली, एवढं म्हणून तो मोकळा होईल. पण कमी म्हणजे किती? मोटारशर्यतीत गेल्या ७५ वर्षांतल्या प्रत्येक शर्यतीची नोंद आहे, त्यामुळे तिथे हा हिशेब मांडून पाहता येतो.

मात्र एका हंगामातल्या तुलनेवर फार विसंबू नये. दोन अगदी समान चालक २१ फेऱ्यांत भिडले, तरी १३-८ किंवा त्याहून एकतर्फी निकाल शंभरातल्या ३८ हंगामांत निव्वळ योगायोगाने लागेल. १३-८ वर ‘याने त्याला झोपवलं’ असे मथळे देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. २१-० ची गोष्ट वेगळी.

चालक आणि गाडी वेगळे काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी केला. १९५० ते २०१४ पर्यंतच्या शर्यती घेऊन त्यांनी २०१६ मध्ये जो निष्कर्ष छापला, तो असा: चालक आणि संघ या दोहोंमुळे निकालात जो फरक पडतो, त्यातला सुमारे ८६ टक्के संघाचा आणि १४ टक्के चालकाचा. २०१४ ते २०२१ या काळावर नेदरलँड्सच्या अभ्यासकांनी वेगळ्या पद्धतीने काम केलं, त्यांच्याकडे संघाचा वाटा ८८ टक्के निघाला. दोन वाटा, पण मुक्काम जवळपास एकच. शेफिल्डच्या गणितात गाडीचा वाटा वजा केल्यावर पहिला आला अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फांजियो. ५१ शर्यतींत २४ विजय आणि पाच विश्वविजेतेपदं, तीही चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत. गाडी बदलली तरी निकाल बदलत नसेल, तर श्रेय कुणाचं हे सांगायला संगणक लागू नये.

या १४ टक्क्यांचा लोक हमखास चुकीचा अर्थ काढतात. ‘म्हणजे गाडीच सगळं करते, चालक नावाला!’ तसं नाही. हा हिशेब फरकाचा आहे, कौशल्याचा नव्हे. तिथवर पोचलेले चालक आधीच हजारोंतून गाळून आलेले असतात. कौशल्य सगळ्यांकडेच भरपूर असल्यामुळे त्यांच्यातला आपसातला फरक उरतो नखाएवढा. फरक लहान, म्हणून वाटा लहान. यातून एक उफराटी गोष्ट होते: स्पर्धकांचा दर्जा जितका वाढत जातो, तितकं नशिबाला निकालात जास्त स्थान मिळतं. गावच्या जत्रेतल्या कुस्तीत तयारीचा मल्ल नवख्याला नेहमीच चीत करतो. दोन्हीकडे सारख्याच तयारीचे असले, की कुणाचा पाय घसरला यावर कुस्ती निकाली निघते.

हे सगळं एकाच शनिवार-रविवारी पाहायचं असेल, तर बहरीनमधल्या साखीरच्या शर्यतीकडे जावं. ५ आणि ६ डिसेंबर २०२०. हॅमिल्टनला कोरोना झाला आणि त्याची मर्सिडीज रिकामी राहिली. ती मिळाली २२ वर्षांच्या जॉर्ज रसेलला. विल्यम्सच्या मागास गाडीत त्याने तोवर ३६ शर्यती चालवल्या होत्या आणि गुण मिळवले होते शून्य. मर्सिडीज हॅमिल्टनच्या मापाची, रसेल उंच. पाय पेडलपाशी मावावेत म्हणून त्याला एक माप लहान बूट घालावे लागले. पात्रता फेरीत त्याचा सहकारी वाल्टेरी बोटासने ३,५४३ मीटरची फेरी ५३.३७७ सेकंदांत मारली. रसेलला लागले ५३.४०३. फरक ०.०२६ सेकंद. त्या वेगाने एवढ्या वेळात गाडी जेमतेम पावणेदोन मीटर पुढे जाते. हे तिच्या स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ३६ शर्यतींचं शून्य आणि हा आकडा एकाच माणसाचे आहेत. मधल्या चार-पाच दिवसांत तो शहाणा झाला नव्हता. बदलली होती फक्त गाडी.

रविवारी तो ८७ पैकी ५९ फेऱ्या आघाडीवर होता. मग संघाने दोन्ही गाड्या एकदमच टायर बदलायला बोलावल्या, रेडिओ संदेशात घोळ झाला आणि बोटाससाठी काढलेले पुढचे टायर रसेलच्या गाडीला लागले. नियमात ते बसत नाही, म्हणून पुन्हा आत यावं लागलं. तरीही तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढून आला, तर मागचं चाक पंक्चर. शेवटी नववा. तीन गुण.

जिंकला सर्जिओ पेरेझ. पहिल्याच फेरीत धक्का बसून तो सगळ्यांच्या मागे फेकला गेला होता. १९० वी शर्यत, पहिला विजय. पुढच्या वर्षासाठी त्याच्याकडे संघही उरला नव्हता. बारा दिवसांनी रेड बुलने त्याला घेतल्याचं जाहीर झालं. त्याच गाडीत पुढे काय झालं, तेही आकड्यांतच पाहावं: २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. त्यातल्या १९ मॅक्स वर्स्टॅपेनच्या, दोन पेरेझच्या. गुण ५७५ आणि २८५. जोडी सारखी आणि धुरकरी वेगळे असले की १४ टक्के डोळ्यांत भरतात ते असे.

त्याच रविवारी, त्याच ट्रॅकवर, मुख्य शर्यतीच्या आधी मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. या स्पर्धेत भारतीयाचा तो पहिलाच विजय. फॉर्म्युला टूत सांगाडा आणि इंजिन सर्वांना एकाच बनावटीचं मिळतं. गाडीचा वाटा कमी करून माणूस पाहता यावा, म्हणून ही पायरी ठेवलेली आहे. दारूवाला या पायरीवर चार शर्यती जिंकला, पण फॉर्म्युला वनच्या शर्यतीतली जागा त्याला मिळाली नाही. इथे नशिबाला बोल लावण्याआधी एक आकडा बघितला पाहिजे: २०२० मध्ये त्याच संघात, तशाच गाडीत जपानचा युकी त्सुनोदा तिसरा आला, दारूवाला बारावा. त्सुनोदा पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. आपला माणूस म्हणून हिशेब बदलत नाही.

आता शर्यतीच्या दिवशीचं नशीब. क्रीडापानांवर याचीच चर्चा जास्त, आणि माझ्या मते गाडीचं, जन्माचं आणि दिवसाचं या नशिबाच्या तिन्ही प्रकारांत ते सगळ्यात किरकोळ. २००७ मध्ये हॅमिल्टनचं विजेतेपद एका गुणाने हुकलं. किमी रायकोनेनचे ११०, त्याचे १०९. पुढच्याच वर्षी शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर त्याने पाचवी जागा मिळवली आणि फेलिपे मासाला एका गुणाने मागे टाकलं, ९८-९७. गेला तो एक गुण परत आला. १९८४ ची मोनॅकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यावर थांबली. थांबवा अशी खूण जिंकत असलेला अलेन प्रोस्ट स्वतःच करत होता. अर्धी शर्यत म्हणून विजयाचे नऊऐवजी साडेचार गुण. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते. वर्षाअखेरीस निकी लाउडा ७२, प्रोस्ट ७१.५. पण पुढे प्रोस्टने चार विजेतेपदं मिळवलीच.

अपवाद आहेत. १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉसने चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एक, आणि विजेता ठरला हॉथॉर्न, ४२-४१. पोर्तुगालच्या शर्यतीत हॉथॉर्न बाद ठरण्याच्या बेतात असताना त्याच्या बाजूने साक्ष दिली ती मॉसनेच. मॉस आयुष्यात कधीच विश्वविजेता झाला नाही. याला दैव म्हणावं की दिलदारी, कोण जाणे.

पण दिवसाचं नशीब फिरून समान होतं. जन्माचं नशीब तसं होत नाही, आणि त्याची नोंद गुणतक्त्यात कुठेच नसते. फॉर्म्युला वनमध्ये आजवर भारताचे दोनच चालक उतरले, दोघंही तमिळनाडूचे. नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरचा. वडील स्वतः राष्ट्रीय रॅली विजेते. करुण चंदोक चेन्नईचा. त्या राज्यात वर्षानुवर्षं शर्यतीचे ट्रॅक आहेत, शर्यतीच्या गाड्या बांधणारे आहेत. कार्तिकेयनच्या ४६ शर्यती आणि गुण पाच. हे पाचही १९ जून २००५ ला इंडियानापोलिसमध्ये मिळाले. त्या दिवशी टायरच्या धोक्यामुळे १४ गाड्या माघारी गेल्या आणि शर्यत झाली फक्त सहा गाड्यांची. तो चौथा आला. चंदोकच्या ११ शर्यती, गुण शून्य. यावरून दोघांचं कौशल्य मोजायला जाणं म्हणजे पुन्हा जोडीच मोजणं. दोघांना मिळाल्या त्या तळातल्या गाड्या.

मग जालन्याचं काय? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती. एवढ्या लोकांत वळणावर जन्मजात हात बसलेला कुणी नसेलच, असं मानायला आधार नाही. पण पात्रता फेरी आठव्या-नवव्या वर्षी, कार्टिंगच्या ट्रॅकवर सुरू होते आणि फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च दोन आकडी कोटींत जातो. क्रिकेटशी ताडून पाहा. जालन्याचा विजय झोल १९९४ चा. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्याने ४६७ चेंडूंत नाबाद ४५१ केल्या आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला. बावीस यार्डांची खेळपट्टी जालन्यात आणि मुंबईत सारख्याच लांबीची असते. अर्थात त्याच्या संघातले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव पुढे भारताकडून खेळले आणि कर्णधाराला ती संधी आली नाही. तिथेही वरच्या पायरीवर फरक नखाएवढाच उरतो.

शर्यतीचं म्हणाल, तर जालन्याकडे स्वतःची एक आहेच. शंकरपटात हलका छकडा, दोन बैल, कासरा धरून एक धुरकरी आणि सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारं घड्याळ. इथे जन्माचं नशीब बैलांनाही लागतं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला राज्यात पुन्हा परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती कायम केली. बंदीची साडेसात वर्षं म्हणजे बैलाचं पळण्याचं सगळं वय. २०११ चा गोऱ्हा पळण्याजोगा झाला तेव्हा पट बंद, आणि पट सुरू झाले तेव्हा तो उतरणीला. त्याच्या पायांत काय होतं, ते मालकालाही कळलं नाही.

धुरकऱ्याचा वाटा मात्र काढता येईल, आणि तोही मोटारशर्यतीपेक्षा सोपा. शेफिल्डच्या अभ्यासकांना आधार होता तो संघ बदलणाऱ्या चालकांचा. एकच माणूस दोन गाड्यांत दिसला, की माणूस आणि गाडी वेगळे करता येतात. फॉर्म्युला वनमध्ये चालक काही वर्षांतून एकदा संघ बदलतो. नावाजलेला धुरकरी एका हंगामात अनेक मालकांच्या जोड्या हाकतो, आणि एकाच जोडीवर वेगवेगळे धुरकरीही बसतात. अडचण एवढीच, की लाउडस्पीकरवर आणि बक्षिसाच्या यादीत बहुतेक ठिकाणी पुढे असतात ती बैलांची, मालकाची आणि गावाची नावं. वेळेच्या रकान्याशेजारी धुरकऱ्याचं नाव लिहायला आणखी एक रकाना आखला, तर दोन-तीन हंगामांच्या वह्यांतून जालन्याचा स्वतःचा टक्का निघेल. तो १४ च्या वर जाईल, असा माझा अंदाज. गाडीचं चाक वळवलं की वळतं, बैलाला मात्र आधी पटवावं लागतं.