उतारासाठी बांधलेली सायकल

चढ चढताना सायकलस्वाराचा कस लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. उतारावर मात्र पाय स्वस्थ ठेवावेत आणि वारा अंगावर घ्यावा, अशी आपली समजूत असते. डांबरी रस्त्यावरील लहानशा उतारापुरती ती खरीही आहे. परंतु उतार डोंगराचा असेल, वाट मातीची असेल, तिच्यावर सुटे धोंडे पसरलेले असतील आणि पावसाच्या पाण्याने जागोजाग घळी पाडल्या असतील, तर सायकलीच्या प्रत्येक भागाची खरी परीक्षा उतरतानाच होते. साधी सायकल या परीक्षेत टिकत नाही. म्हणून केवळ डोंगर उतरण्यासाठी निराळी सायकल बांधावी लागते. ती कोणा एकाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेली नाही. तिचा एकेक भाग कोठे ना कोठे मोडला, जळाला किंवा वाकला, आणि त्याच्या जागी दुसरा आला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को शहर आहे. त्याच्या उत्तरेस, गोल्डन गेट या प्रसिद्ध पुलापलीकडे, मॅरिन नावाचा डोंगराळ परगणा लागतो. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील काही तरुणांना एक विलक्षण छंद जडला. भंगारात पडलेल्या जुन्या सायकली ते थोडक्या पैशांत विकत घेत, त्यांचे मडगार्ड वगैरे अनावश्यक भाग काढून टाकीत, आणि त्या घेऊन डोंगरमाथ्यावर जात. श्विन कंपनीने दुसऱ्या महायुद्धापूर्वी काढलेली ‘एक्सेलसियर’ ही सायकल त्यांच्या विशेष आवडीची होती. तिचे टायर दोन इंचांहून अधिक रुंद असत व दगडधोंड्यांत टिकाव धरीत. वजन मात्र वीस किलोच्या आसपास भरे!

फेअरफॅक्स नावाच्या गावाजवळ, वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठी केलेला एक कच्चा रस्ता डोंगरावरून खाली येतो. सुमारे साडेतीन किलोमीटरांत तो ४०० मीटर खाली उतरतो. म्हणजे प्रत्येक आठ-नऊ पावलांमागे एक पाऊल खोल. तेथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक सुटत आणि प्रत्येकाला लागलेला वेळ नोंदला जाई. ती पहिली शर्यत ॲलन बाँड्स याने जिंकली. तो सर्वांत चपळ होता की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु न पडता तळाशी पोहोचलेला तो एकटाच होता. पुढे गॅरी फिशर याने हाच उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत पार केला. मातीच्या वाटेवर ताशी पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास हा वेग जातो.

या रस्त्याला ‘रीपॅक’ असे नाव पडले. रीपॅक म्हणजे पुन्हा भरणे. या नावामागे सायकलीच्या ब्रेकची कथा आहे. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्ये बसविलेला असे. पॅडल उलटे दाबले म्हणजे हबच्या आतील धातूचे तुकडे बाहेर सरकत व त्याच्या भिंतीस घासून चाक थांबवीत. आतील भाग झिजू नयेत म्हणून हबमध्ये ग्रीस भरलेले असे. रीपॅकचा उतार संपेपर्यंत हे ग्रीस तापून त्याचा धूर होई. खाली आलेल्या प्रत्येक सायकलीचे हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे, तेव्हा कोठे ती पुन्हा वर नेण्याजोगी होई.

एवढी उष्णता येते कोठून? थोडा हिशेब करून पाहू. स्वार आणि सायकल मिळून नव्वद किलो वजन धरले, आणि ते ४०० मीटर खाली आले, तर सुमारे साडेतीन लक्ष ज्यूल इतकी ऊर्जा मोकळी होते. एक लिटर थंड पाण्यास आधण आणण्यास जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. तिचा काही अंश वाऱ्याशी आणि मातीशी झुंजण्यात खर्च होतो हे खरे. पण पुष्कळसा भाग त्या मुठीएवढ्या हबमध्येच शिरे. आपल्याकडे घाट उतरताना मालमोटारीचा चालक खालचा गिअर टाकतो, तो याचसाठी. इंजिन गाडीला मागे ओढून धरते आणि सारा भार ब्रेकवर पडत नाही. सायकलीला असे इंजिन कोठून आणावे? तिचा ब्रेक गेला, तर स्वाराच्या हाती काहीच उरत नाही.

तेव्हा हबमधील ब्रेक निघाला. फिशर याने आपल्या सायकलीस जोडसायकलीचे मोठे ड्रम ब्रेक बसविले आणि ते ओढण्यासाठी मोटारसायकलीचे दणकट लिव्हर लावले. डोंगर चढता यावा म्हणून गिअरही जोडले. ब्रेकची खात्री वाटू लागताच स्वार अधिक वेगाने उतरू लागले, आणि मग सांगाडे तुटू लागले! चाळीस वर्षांपूर्वी घरोघर वृत्तपत्रे टाकण्यासारख्या कामांत वापरलेल्या सायकली त्या. डोंगरावरून उड्या मारण्यासाठी त्या कोणी घडविल्याच नव्हत्या.

त्याच मंडळींत जो ब्रीझ नावाचा तरुण होता. शर्यतीच्या सायकलींचे सांगाडे बांधण्याची कला त्याला अवगत होती. चार्ली केली या मित्राने त्याच्याकडे मजबूत सांगाड्याची मागणी केली, आणि १९७७ मध्ये ब्रीझने क्रोम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या नळ्या घेऊन पहिला सांगाडा तयार केला. हे पोलाद साध्या पोलादाहून बळकट असल्यामुळे नळीची जाडी कमी ठेवता येते. सांगाडा डोलू नये म्हणून पुढील बाजूपासून मागील चाकाच्या आसापर्यंत दोन जादा नळ्याही त्याने तिरप्या बसविल्या. मला स्वतःला यापेक्षाही त्याची दुसरी गोष्ट अधिक शहाणपणाची वाटते. एक्सेलसियरची मूळ ठेवण त्याने मोडली नाही. त्या सायकलीचा पुढील चिमटा बराच कललेला असल्यामुळे पुढचे चाक स्वाराच्या बरेच पुढे पडे. उतारावर शरीराचा भार आपोआप पुढे झुकतो. चाक पुढे असले म्हणजे स्वार हँडलवरून उलटून पडण्याचे भय कमी होते, आणि वेगातही सायकल सरळ राहते. ब्रीझने अशा दहा सायकली बांधल्या. त्यांपैकी पहिली आज वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पुढे या खेळाचा प्रसार झपाट्याने झाला. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत उताराच्या शर्यतीस स्वतंत्र स्थान मिळाले.

आज अशी सायकल तयार मिळते. तथापि अनेक जण सांगाडा घेऊन बाकीचे भाग एकेक निवडून ती स्वतः जुळवितात. चाकांना आता तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतात. पोलादाची चकती उघड्या हवेत फिरत असल्यामुळे लवकर निवते, हा त्यांचा मोठा गुण. पुढील चिमट्यात व मागे धक्काशोषक असून चाक सुमारे २०० मिलिमीटर वरखाली होऊ शकते. धक्काशोषकात स्प्रिंग किंवा दाबलेली हवा असते, आणि तिच्या जोडीस तेल असते. नुसती स्प्रिंग असती, तर ती दगडावर दबून लगेच उसळली असती व तिने स्वाराला वर फेकले असते. तेल बारीक छिद्रांतून सावकाश वाहते आणि ती उसळी मारून टाकते.

स्प्रिंग किती कडक असावी, हे मात्र दुकानदार सांगू शकत नाही. ते स्वाराच्या वजनावर अवलंबून असते. स्वार शिरस्त्राणासह सर्व पोशाख चढवून सायकलीवर बसतो, आणि त्याच्या नुसत्या भाराने मागचा धक्काशोषक किती दबला हे मोजतात. एकूण दाबाच्या सुमारे तीन दशांश इतका तो दबला पाहिजे. मुळीच दबला नाही, तर खड्डा येताच चाक खाली उतरून जमिनीस टेकणार कसे?

सर्व बोल्ट किती जोराने आवळले हे दाखविणाऱ्या पान्याने घट्ट केले जातात. तरी सायकल लगेच डोंगरावर नेत नाहीत. नवा ब्रेक आरंभी नीट धरीत नाही. म्हणून सपाट जागेवर वेग घ्यावयाचा, हळूहळू ब्रेक दाबून तो मंद करावयाचा, पुन्हा वेग घ्यावयाचा, असे पंधरावीस वेळा करतात. पॅडचा पातळ थर चकतीवर सारखा बसला आणि ब्रेकची पकड हाताला जाणवू लागली, म्हणजे मग सायकल माथ्यावर न्यावयाची.