वळिवड्याचे पोलिश पाहुणे

बालमित्रांनो, ‘छावणी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आटपाडीच्या आमच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळी मुलं एका सुरात ओरडली, “जनावरांची!” बरोबरच आहे त्यांचं. आमचा माणदेश दुष्काळी. पाऊस रुसला की चारा छावण्या उघडतात आणि घरातलं कोणी तरी गाई-म्हशी घेऊन तिथंच मुक्कामाला जातं.

“पण माणसांची छावणी कधी ऐकली आहे का? तीही परदेशी माणसांची, आणि आपल्या कोल्हापूरजवळ?” मी विचारलं. वर्ग एकदम चिडीचूप! त्या दिवशी मुलांना सांगितलेली ही हकिगत आज तुम्हालाही सांगते. कथा नाही हं, घडलेली गोष्ट आहे.

आधी नकाशा उघडा. युरोपात पोलंड नावाचा देश सापडेल. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये या देशावर पश्चिमेकडून जर्मनीने हल्ला केला आणि अवघ्या काही दिवसांत पूर्वेकडून सोव्हिएत रशियाची फौज शिरली. दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना घराबाहेर काढण्यात आलं. रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची. हाताला लागेल ते गाठोड्यात बांधायचं आणि मालगाडीत चढायचं! गाडी जायची ती थेट सायबेरियाच्या बर्फात. तिथं मोठ्यांनी जंगलं तोडायची, तीही अर्धपोटी. कितीतरी मुलांचे आई-वडील तिथंच गेले.

१९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चढाई केली, तेव्हा कुठे या माणसांची सुटका झाली. पण सुटून जायचं कुठं? घरी तर शत्रू बसलेला! पुरुष सैन्यात भरती झाले. बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आली. अंगावर चिंध्या, पोटात भूक, अंगात ताप. अशा वेळी जगात कोणी तरी दार उघडावं लागतं.

पहिलं दार उघडलं गुजरातमधल्या नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी. महाराज दिग्विजयसिंहजी त्यांचं नाव. क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. १९४२ मध्ये जामसाहेबांनी बालाचडी इथं शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला आणि ‘स्वतःला अनाथ समजू नका’ असं त्यांना सांगितलं. आज पोलंडची राजधानी वॉर्सा इथल्या एका चौकाला या ‘भल्या महाराजां’चं नाव आहे.

दुसरी, याहून मोठी वस्ती उभी राहिली ती आपल्या कोल्हापूर संस्थानात. मिरजेहून रेल्वेने कोल्हापूरला जाताना, कोल्हापूर यायच्या थोडं आधी वळिवडे स्टेशन लागतं. तिथं १९४३ मध्ये कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि सुमारे ५,००० पोलिश माणसं राहायला आली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच!

ही नुसती निवाऱ्याची जागा नव्हती बरं का. ते एक छोटं पोलिश गावच होतं. प्रत्येक कुटुंबाला राहायला वेगळी जागा. दवाखाना, चर्च, पोस्ट, वाचनालय, नाटकांसाठी रंगमंच. आणि मुख्य म्हणजे शाळा. एक नाही, अनेक शाळा! पोलिश भाषेतून धडे, स्काउटची पथकं, पन्हाळ्याच्या सहली, पंचगंगेत डुंबणं. प्रकृती खालावलेल्यांसाठी पाचगणीला आरोग्यकेंद्र होतं.

तुम्ही म्हणाल, उपाशी माणसाला आधी भाकरी हवी, शाळेची एवढी घाई कशाला? भाकरी, पाणी आणि औषध पहिलं, यात वादच नाही. पण मुलांनो, ज्याचं घर गेलं, गाव गेलं, त्याला उद्या सकाळी उठून काय करायचं हेच कळत नाही. रिकामा बसला की तीच मालगाडी, तोच बर्फ आठवत राहतो. शाळा त्याला ‘उद्या’ देते. उद्या गृहपाठ दाखवायचाय, उद्या कवायत आहे, उद्या नाटकाची तालीम आहे! म्हणून आजही युद्धातून पळून आलेल्यांच्या छावणीत ‘युनिसेफ’सारख्या संस्था तंबूत का होईना, शाळा सुरू करतात. ही युनिसेफसुद्धा त्याच महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, होरपळलेल्या मुलांसाठी निघाली.

हे सगळं सांगत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, “बाई, आपल्यालाच कमी असलं, तर दुसऱ्याला कशापायी द्यायचं?”

प्रश्न खरा होता. त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. १९४३ साली आपण कुठं सुखात होतो? देश पारतंत्र्यात होता. धान्याची टंचाई होती. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. अशा दिवसांत हे पाहुणे आले.

आता खरं तेच सांगायला हवं. वळिवड्याच्या छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारने उचलला होता. मग आपल्या लोकांनी दिलं काय? त्यांनी जागा दिली, आणि शेजार दिला. भाजीवाले, फळवाले बराकींपर्यंत जाऊ लागले आणि बघता बघता मोडकं-तोडकं पोलिश बोलू लागले! ‘हे कोण परके आले’ म्हणून कोणी पाठ फिरवली नाही. एक पोलिश मुलगी तर इथल्याच तरुणाशी लग्न करून कायमची कोल्हापूरकर झाली. शेजाराला पैसे पडत नाहीत, पण तो पैशाने विकतही मिळत नाही.

आणखी एक गंमत ऐका. आमची आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. छावणी उभी राहण्याच्या चार वर्षं आधी, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, विश्वासावर चालणारा तुरुंग! ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा निघाला तो यावरूनच. या प्रयोगात औंधच्या राजांना साथ देणारे मॉरिस फ्रीडमन नावाचे इंजिनिअर कुठले होते, माहीत आहे? पोलंडचे! म्हणजे पोलंडच्या माणसाने आपल्याला आधीच काहीतरी दिलं होतं. आजचा घेणारा कालचा देणारा असू शकतो, तो असा.

१९४७ मध्ये आपला देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. १९४८ पर्यंत पोलिश मंडळी निघून गेली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी मायदेशी. बराकी रिकाम्या झाल्या. पण फार दिवस नाही! फाळणीत घरदार सोडून नेसत्या वस्त्रानिशी आलेली सिंधी कुटुंबं तिथं उतरली. त्यांनी कापडाचा धंदा मांडला, नेटाने वाढवला. तेच आजचं गांधीनगर! दिवाळीच्या कपड्यांसाठी तुमच्यापैकी कितीतरी जण तिथं गेले असतील. एकाच जागेने दोनदा निर्वासितांना सावली दिली.

आणि ती मुलं? ती म्हातारी झाली, पण वळिवडं विसरली नाहीत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०१९ मध्ये त्यांतले काही जण पुन्हा वळिवड्याला आले होते.

२०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून जास्त माणसं युद्धामुळे, छळामुळे घर सोडून राहत होती. जे देशाची सीमा ओलांडून निर्वासित होतात, त्यांच्यात दर दहांमागे चार मुलं असतात. इतक्या दूर आपण सगळेच काही पोहोचू शकणार नाही. पण आपल्या वर्गातही ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या निमित्ताने परगावची मुलं येतात. त्यांच्यामागे युद्ध नसतं, पण वर्गात शिरताना पाऊल तसंच बिचकतं. तेव्हा आधी त्याच्या भाषेला हसायचं, की सरकून बाकावर जागा करायची?

पालकांनो, गांधीनगरला खरेदीला जाल तेव्हा मुलांना ही हकिगत जरूर सांगा.

हो, त्या मागच्या बाकावरच्या मुलीचं काय झालं? तास संपल्यावर ती हळूच जवळ आली. म्हणाली, “बाई, दुष्काळात आमची म्हस पण परक्याच्याच गावात होती.”

मला वेगळं उत्तर द्यावंच लागलं नाही.