चांगले इंधन कोठून घ्यावे

बैल दारी बांधला म्हणजे त्याचे चारापाणी धनी स्वतः पाहतो. कुजकी वैरण त्याच्यापुढे टाकण्यास कोणाही कुणब्याचे मन धजत नाही. तोच धनी ट्रॅक्टरच्या पोटात काय जाते याची मात्र चौकशी करीत नाही, हे नवल होय. या बाबतीत आम्हीच प्रथम चुकलो, म्हणून चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमचे राहणे आकुर्डीस, जमीन खेड तालुक्यात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पंपांस तोटा नाही. तथापि एके वर्षी लिटरमागे काही रुपये वाचतील या लोभाने आम्ही वाटेवरील एका विक्रेत्याकडून पिंपातले डिझेल घेतले. कांद्याची रोपे उपटून बांधावर ठेवलेली, मजूर आलेले, आणि ट्रॅक्टर मध्येच बंद पडला. मिस्त्रीने फिल्टर उघडला तो आत पाणी व गाळ! नोझल व पंप दुरुस्त होईपर्यंत पाच दिवस गेले, रोपे सुकली. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट भुर्दंड बसला.

भेसळीचे मूळ भावातील अंतरात असते. शिधापत्रिकेवरील निळे रॉकेल सवलतीने मिळे, तोवर ते डिझेलात मिसळणे लबाडांस किफायतीचे होते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे असा प्रकार मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी तो रोखण्याचा यत्न करताच त्यांस जिवंत जाळण्यात आले. आमचा जन्म महसुली कारकुनीत गेला; ते वृत्त आमच्या मनातून अद्याप जात नाही. पुढे रॉकेलची सवलत उतरत जाऊन बंद झाली, परंतु लबाडीने रूप पालटले. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणच्या पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात चिप बसवून माप मारण्याचा प्रकार उघडकीस आला.

तेव्हा पंप कसा निवडावा? जेथे विक्री भरपूर, तेथे माल शिळा राहत नाही. जेथे टँकर नुकताच रिता होत आहे, तेथे टाकीतील गाळ ढवळलेला असतो; त्या वेळी भरू नये. पहाटे भरल्यास जास्त मिळते ही समजूत फारशी खरी नाही, कारण टाकी जमिनीखाली असून तिचे तापमान दिवसभरात विशेष बदलत नाही.

खरी कसोटी मागण्यात आहे. पेट्रोलचा थेंब गाळणकागदावर टाकावा. सुमारे दोन मिनिटांत उडून डाग न राहिल्यास ठीक, डाग राहिल्यास संशय घ्यावा. डिझेलास ही परीक्षा लागू नाही. त्याची घनता मोजून घ्यावी. १५ अंश तापमानास आणलेला आकडा पंपावरील नोंदीपासून दर घनमीटरास ३ किलोग्रॅमहून अधिक हलू नये. मापाची शंका आल्यास पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागावे. २५ मिलिलिटरपर्यंतची तूट क्षम्य, पुढे वैधमापन खात्याकडे तक्रार करावी. ही साधने पंपावर ठेवणे बंधनकारक आहे. मागताच जो कपाळाला आठ्या घालतो, त्याचा पंप सोडावा, हीच सर्वांत सोपी परीक्षा होय.

पेट्रोलच्या गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासूनही होते याचा आम्हांस संतोष आहे. परंतु ते पाणी ओढून घेते, आणि पाणी वाढल्यास दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात. म्हणून पावसाळ्यात टाकीतील पाण्याची रोज तपासणी करणारा पंप पाहावा व गाडी महिनोन् महिने भरून उभी ठेवू नये.

शेवटी कारकुनी सल्ला. पावती जपावी. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरावी, नांगरट करावी, पुन्हा काठोकाठ भरावी; किती एकरांस किती लिटर लागले हे वहीत टिपावे. जमीन व काम तेच असता आकडा वाढला, तर चौकशीस आरंभ करावा. घामाच्या पैशाने घेतलेला माल पारखून घेणे यात संकोच कसला? भेसळ रोखण्यासाठी एका अधिकाऱ्याने प्राण दिला. आपण निदान घनता विचारावी.