नागपूरच्या उन्हातलं डिझेल आणि होडीचा तळ

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही कोकणातल्या एखाद्या बंदरावर मच्छीमारांसाठी डिझेलची टाकी बसवायची असेल, तर तिला लागू होणारे नियम नागपुरातल्या एका कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. १८९८ साली सुरू झालेलं हे खातं. कुठलं इंधन किती धोक्याचं, ते किती साठवायचं, कशात साठवायचं, हे पाहणं त्याचं काम.

१९३४च्या पेट्रोलियम कायद्याने इंधनांची प्रतवारी एकाच कसोटीवर केली आहे. ती म्हणजे फ्लॅश पॉइंट. तेल हळूहळू तापवत न्यायचं आणि त्याच्या पृष्ठभागाजवळ अधूनमधून छोटीशी ज्योत न्यायची. ज्या तापमानाला पहिल्यांदा वाफेचा भपका होऊन विझतो, तो त्या तेलाचा फ्लॅश पॉइंट. २३ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर ‘अ’ वर्ग, २३ ते ६५च्या दरम्यान ‘ब’ वर्ग, त्यावर ९३पर्यंत ‘क’. पेट्रोल ‘अ’ वर्गात येतं. त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास. रॉकेल आणि डिझेल ‘ब’ वर्गात. म्हणून विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय फार तर तीस लिटर ठेवता येतं, आणि पिंपांत ठेवलेलं डिझेल मात्र अडीच हजार लिटरपर्यंत.

या कसोटीच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी समजली की अर्धं इंधनशास्त्र समजतं. द्रव कधीच जळत नाही. जळते ती त्याची वाफ, तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेटते. त्याहून कमी झाली तर पेट घ्यायला इंधन पुरत नाही, जास्त झाली तर हवा पुरत नाही.

आता नागपूरचा मे महिना आठवा. आपल्याकडच्या मोटारींच्या डिझेलसाठी मानकाने ठरवलेला किमान फ्लॅश पॉइंट आहे ३५ अंश. नागपुरात दुपारी पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो, आणि उन्हात उभ्या पत्र्याच्या टाकीचं तर विचारूच नका. ‘डिझेलमध्ये जळती काडी टाकली तरी विझते’ असं गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. थंड डिझेलच्या बाबतीत ते खरंही आहे. पण हा थंडपणा हवेवर अवलंबून आहे! पंपावर मिळणाऱ्या बहुतेक डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान मर्यादेपेक्षा बराच वर असतो, त्यामुळे घाबरून जायला नको. तरी उन्हाने तापलेल्या, अर्धवट रिकाम्या डिझेलच्या टाकीवर वेल्डिंग करायला बसणाऱ्याने हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

गंमत अशी की बंद टाकीच्या आत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की एरवी ती पेटूच शकत नाही. डिझेल आणि रॉकेलच्या टाकीत मात्र तापमान वाढलं की वाफ नेमकी पेटण्याजोग्या प्रमाणात येऊ शकते. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूएचं फ्लाइट ८०० हे जंबो विमान हवेतच फुटलं, २३० माणसं गेली. विमानाचं इंधन हे रॉकेलच्याच जातीचं, फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश. जवळपास रिकाम्या मधल्या टाकीखाली वातानुकूलन यंत्रं चालू होती. त्यांच्या उष्णतेने टाकीतली वाफ त्या धोक्याच्या पट्ट्यात गेली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

मोठ्या जहाजांचे नियम करणाऱ्यांनी हे ओळखून इंधनाचा फ्लॅश पॉइंट किमान ६० अंश ठरवला. छोट्या होडीचा मालक मात्र ट्रकच्या पंपावरूनच कॅन भरून आणतो. गंधकाच्या बाबतीत चित्र नेमकं उलटं. १ जानेवारी २०२०पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा अर्धा टक्का झाली, आणि त्याच वर्षी १ एप्रिलला भारतात बीएस-६ डिझेल आलं, दहा लाखात फक्त दहा भाग गंधकाचं. म्हणजे खिंडसी तलावावरच्या एखाद्या मोटरबोटीत ओतलेलं डिझेल महासागर ओलांडणाऱ्या जहाजाला परवानगी असलेल्या इंधनापेक्षा पाचशे पट स्वच्छ असू शकतं.

मला सगळ्यात जास्त चकित करतं ते डिझेलचं दुहेरी वागणं. ज्योतीला ते सहज दाद देत नाही. पण ज्योत न दाखवता नुसतं तापवत नेलं, तर ते पेट्रोलच्या आधी आपोआप पेटतं, ढोबळमानाने सव्वादोनशे अंशांच्या आसपास. पेट्रोलला त्याहून जास्त लागतं. कारण रेणूंच्या आकारात आहे. डिझेलमधल्या कार्बनच्या साखळ्या लांब, त्यामुळे जड. त्या वाफ होऊन सहजी उडत नाहीत. पण उष्णतेत त्याच लांब, सरळ साखळ्या लवकर तुटतात. याच गुणावर रुडॉल्फ डिझेलने इंजिन उभं केलं आणि १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला ते यशस्वी करून दाखवलं. सिलिंडरमधली हवा सोळाव्या-अठराव्या हिश्शाएवढी दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ठिणगीची गरजच नाही.

हीच गोष्ट उलट्या बाजूने नागपूरकरांनी रस्त्यावर पाहिली आहे. २०१४च्या ऑगस्टमध्ये इथे स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस आली. इथेनॉल आपोआप पेटायला भलतंच हट्टी. म्हणून त्या जातीच्या इंजिनात हवा अठ्ठाविसाव्या हिश्शापर्यंत दाबावी लागते, शिवाय इंधनात पेट घ्यायला मदत करणारं रसायन मिसळावं लागतं.

होडीत मात्र प्रश्न पेटण्याइतकाच वाफ कुठे जाते याचा आहे. रस्त्यावरच्या गाडीत पेट्रोल गळलं तर वाफ खाली उतरते, वाऱ्याने पांगते. ती हवेच्या तीन-चार पट जड असते. होडी म्हणजे पाण्यावर तरंगणारं पातेलं. त्यात उतरलेली वाफ बाहेर जाणार कुठून? तळाशी साचून राहते, आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. म्हणूनच छोट्या होड्यांचं पेट्रोल इंजिन मागे, बाहेर लटकवलेलं असतं आणि होडीच्या पोटात बसवायचं तर डिझेल निवडतात. कोकणातल्या मच्छीमारांच्या यांत्रिक नौका डिझेलवर चालतात, ज्यावरचा व्हॅट सरकार सहकारी संस्थांमार्फत परत देतं. तो डिझेल परतावा वेळेवर मिळतो की नाही, हा वेगळा आणि बराच गरम विषय. वैनगंगेवरच्या ढिवरांच्या डोंग्याला मात्र वल्हं पुरतं, तिथे यातलं काहीच लागू नाही.

वाराणसीला गंगेवरच्या शेकडो होड्या सीएनजीवर आणल्या, त्याकडे याच नजरेने पाहावं. सीएनजी म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका. गळला तर वर उडून जातो. घरगुती सिलिंडरमधला एलपीजी मात्र हवेपेक्षा जड, पेट्रोलच्या वाफेसारखाच होडीच्या तळात जाऊन बसणारा.

आणि पाणी. होडीवाल्याचा खरा वैरी बाहेरच्या पाण्यापेक्षा टाकीतलं पाणी. टाकी अर्धी रिकामी असली की दिवसा आत आलेली दमट हवा रात्री थंड पडते, पत्र्याला दव सुटतं, थेंब डिझेलखाली तळाला जमतात. तिथे हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी येते. ती पाण्यात राहते आणि वरचं डिझेल खाते. खरंच खाते, कार्बनच्या साखळ्या पचवून वाढते, आम्लं सोडते, त्यांनी टाकीचा धातू गंजतो. पचनातून पुन्हा पाणीच तयार होतं, म्हणजे राहायची जागाही ती स्वतःच वाढवत नेते. विमानांच्या टाक्यांतही ही बुरशी सापडली आणि तिचं इंग्रजीतलं टोपणनावच रॉकेलवरून पडलं. पेट्रोल तिला मानवत नाही.

पेट्रोलची तऱ्हा वेगळी. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा, हे तर आहेच. पण इथेनॉल पाणी शोषतं. थोडं पाणी ते मुकाट्याने पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाला जातात, आणि इंजिनाची नळी टाकीच्या तळाशीच असते. रोज चालणाऱ्या स्कूटरला हे जाणवणार नाही, पण उभ्या राहणाऱ्या बोटीचं तसं नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा बचाव पथकांना बोटी काढाव्या लागल्या. अशी बोट वर्षातले कितीतरी महिने उभीच असते, आणि लागते तेव्हा पहिल्या झटक्यात सुरू व्हावी लागते. तिच्या टाकीत गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल ठेवू नये, एवढं मी ठामपणे सांगेन. बोट उभी करून ठेवायची असेल तर पेट्रोल काढून टाकावं. डिझेलची टाकी मात्र जवळजवळ पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे दव सुटायला फारशी हवाच उरत नाही.

डिझेलची तपासणी सोपी आहे. तळाच्या बोल्टमधून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून काही वेळ स्थिर ठेवायचं. खाली पाणी, वर डिझेल, आणि दोघांच्या मधे तपकिरी-काळसर पापुद्रा दिसला तर ती बुरशी. मग नुसता फिल्टर बदलून भागत नाही, तो चार दिवसांत पुन्हा तुंबतो, आणि इंजिन हवा धरून ऐन पाण्यात बंद पडतं. टाकी रिकामी करून घासावीच लागते, कारण वरून ताजं डिझेल ओतलं तर बुरशी तेही खायला लागते.