झाशीचे पाणी

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा बुरूज उभा राहतो, राणी लक्ष्मीबाई उभी राहते आणि १८५८ चा वेढा आठवतो. त्याच झाशीत लक्ष्मी ताल नावाचा एक तलाव आहे. नेवाळकरांनी बांधलेले महालक्ष्मीचे मंदिर त्याच्याजवळच आहे, आणि १८५३ मध्ये निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्रीही राणीने याच परिसरात उभारली. त्या काळी शहराला किल्ल्याचा जितका आधार होता तितकाच तलावाचा होता. शत्रू कधी तरी येतो, उन्हाळा मात्र दरवर्षी येतो. आणि बुंदेलखंडातल्या उन्हाळ्याशी लढायचे तर त्याची सिद्धता पावसाळ्यातच करावी लागते. ती सिद्धता कोणी करावयाची, हा प्रश्न झाशीला पूर्वीही होता. आज हवामान बदलू लागल्यावर तोच प्रश्न अधिक निकराने पुढे आला आहे.

दुष्काळी मुलुख म्हणून बुंदेलखंडाची ख्याती आहे. त्यामुळे तेथे पाऊसच पडत नसावा, अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिती तशी नाही. झाशीला वर्षाकाठी सरासरी साडेआठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या पावसापेक्षा तो कमी नाही. अडचण आहे ती जमिनीच्या पोटात. या भागाखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटचा कठीण थर आहे. पाणी मुरते ते फक्त वरच्या झिजलेल्या खडकात आणि मधल्या भेगांत. मोठ्या नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात भूमी कणगीसारखी पाणी साठवते; येथे तिची ओंजळ उथळ आहे. ती लवकर भरते आणि लवकर रिती होते. त्यातच बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उताराने वाहून बेतवा, पहूज या नद्यांना मिळतो. जानेवारी उजाडला की विहिरींचा तळ दिसू लागतो.

पूर्वजांना भूगर्भशास्त्र ठाऊक नव्हते, पण हे वर्म त्यांनी नेमके ओळखले होते. चंदेल राजांनी टेकड्यांमधल्या खिंडी बांधून काढून तलाव केले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओरछाच्या उदितसिंहाने झाशीजवळ बरुआसागर हा विस्तीर्ण जलाशय बांधला. राजेरजवाड्यांच्या या कामांबरोबरच शेतकऱ्यांचीही एक युक्ती होती. तिला तेथे ‘हवेली’ म्हणतात. या हवेलीचा वाड्याशी काही संबंध नाही. सखल जागेतील शेतांना मातीचा बांध घालायचा आणि पावसाचे पाणी पावसाळाभर त्या शेतांतच कोंडून ठेवायचे, अशी ही रीत आहे. चार महिने शेताचा तलाव होतो. पाणी हळूहळू मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरी भरतात; गाळ बसून जमिनीचा कस वाढतो; तणही पाण्याखाली कुजून जाते. पावसाळा सरला की मोरी उघडून पाणी सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरायचा. एकाच जमिनीने पावसाळ्यात तलाव व्हावे आणि हिवाळ्यात शेत व्हावे, अशी ही योजना होती.

तिचे मर्म मात्र मातीत नसून माणसांच्या व्यवहारात होते. ज्याचे शेत बांधाआड बुडते त्याला खरिपाचे पीक घेता येत नाही, आणि मुरलेल्या पाण्याचा लाभ होतो तो खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीला. एकाच्या त्यागावर दुसऱ्याचा मळा फुलतो. म्हणून बांधाची डागडुजी कोणी करावी, मोरी कोणत्या दिवशी उघडावी, याचा निर्णय गावाला एकत्र बसून घ्यावा लागे. खानदेशातील पांझरेच्या काठची फड पद्धती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पाटाचे पाणी पाळीने देणारा पाटकरी तेथे नसता, तर दगडी बंधाऱ्याने एकट्याने काय केले असते?

कालांतराने ही घडी विसकटली. १८६८-६९ आणि १८९६-९७ च्या दुष्काळांनी या जिल्ह्याची दैना केली. सावकारी कर्ज इतके वाढले की झाशीच्या कर्जबाजारी जमीनदारांसाठी सरकारला १८८२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच सुमारास बेतवेवर पारीछा येथे बंधारा बांधून कालवे काढण्यात आले. स्वातंत्र्यानंतर माताटीला धरण झाले. या कामांनी पुष्कळ जमीन भिजवली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याबरोबर पाण्याचा कारभार गावाच्या हातून सरकारी खात्याकडे गेला, आणि पुढे विजेच्या पंपाने तर ज्याची विहीर त्याचे पाणी असा न्याय रूढ केला. वाटण्यांमुळे शेतांचे तुकडे झाले. हवेलीचा बांध फुटला की तो कोणी बांधायचा, याचे उत्तर देणारे कोणी उरले नाही. एकेक बांध पावसाने फोडला हे खरे, पण तो फुटलेलाच राहिला तो गावाच्या विस्मृतीमुळे.

अशा दुबळ्या झालेल्या व्यवस्थेवर आता बदलत्या हवामानाचा घाव पडत आहे. हवेत कर्बवायू वाढल्याने पृथ्वीचे तापमान वाढते. त्याचा अर्थ झाशीसारख्या ठिकाणी असा होतो की उन्हाळा अधिक तापतो, पावसाचे दिवस कमी होऊन एकेक सर अधिक जोराची होते आणि दोन पावसांमधला खंड लांबतो. २८ मे २०२४ रोजी झाशीत तापमान ४९ अंश सेल्सियसला पोचले. त्याआधी, २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे फसल्यावर, मे २०१६ मध्ये बुंदेलखंडासाठी पाठविलेली पाण्याची आगगाडी झाशी स्थानकात येऊन थांबली. राज्य सरकारने ती स्वीकारली नाही; धरणांत पाणी आहे, ते गावोगाव पोचवायला टँकर हवेत, असे त्याचे म्हणणे होते. चौकशीअंती गाडीचे डबे रिकामेच असल्याचे आढळले. त्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, हे महाराष्ट्राच्या स्मरणात असेलच. एका ठिकाणी गाडी भरून आली, दुसरीकडे रिकामी उभी राहिली; पण तहान लागल्यावर आगगाडीकडे डोळे लावण्याची पाळी दोन्हीकडे आलीच.

मदत आली नाही असेही नाही. २००९ मध्ये केंद्र सरकारने बुंदेलखंडातील त्या वेळच्या तेरा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २५ डिसेंबर २०२४ रोजी केन नदीचे पाणी बेतवेच्या खोऱ्यात आणणाऱ्या प्रकल्पाची कोनशिला बसली. मोठ्या योजनांना त्यांचे स्थान आहे. परंतु मोठा कालवा झाला तरी तो प्रत्येक वाडीच्या दारी जाणार नाही. पाऊस मात्र प्रत्येक वाडीवर पडतो. तो अडवण्याचे काम ज्याचे त्यानेच केले पाहिजे.

हे घडू शकते याचा पुरावा झाशी जिल्ह्यातच आहे. परासई, छतपूर आणि बछौनी या तीन गावांच्या परिसरात २०११ पासून झाशीची कृषिवानिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची ‘इक्रिसॅट’ ही संस्था यांनी गावकऱ्यांसह काम केले. परासईची मोडकळीस आलेली हवेली त्यांनी दुरुस्त केली आणि ओढ्यांवर बंधारे घातले. एकट्या हवेलीत सुमारे त्र्याहत्तर हजार घनमीटर पाणी मावू लागले आणि विहिरींची पातळी दोन ते पाच मीटरनी उंचावली. मातीचा बांध पुनःपुन्हा फुटतो म्हणून सांडवा पक्का केला. जुनी कल्पना आणि नवे शास्त्र यांचा असा मेळ बसला. याच जिल्ह्यात ‘जल सहेली’ म्हणविणाऱ्या स्त्रियांनी वाळूने भरलेल्या पोत्यांचा बांध घालून घुरारी नदीचे पाणी अडवले. पाण्यासाठी मैलमैल पायपीट करावी लागते ती स्त्रियांनाच; तेव्हा पाण्याच्या विचारात त्यांचा शब्द पहिला असावा, हे न्यायाचेच आहे.

तथापि, संस्था जातात आणि उत्साहही ओसरतो. टिकून राहते ती पंचायत. राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. त्यांनी लघुपाटबंधारे, पाणलोट आणि पिण्याचे पाणी हे विषय पंचायतींकडे, तर नगररचना व पाणीपुरवठा नगरपालिकांकडे सोपविण्याचा मार्ग मोकळा केला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानाचा मोठा भाग स्वच्छता, पेयजल व पर्जन्यसंचय यांसाठीच राखून ठेवला. अधिकार आणि थोडाफार पैसा, दोन्ही गावापर्यंत आले आहेत. उरतो तो आराखडा, आणि त्याला लांबलचक अहवालाची आवश्यकता नाही. गावात पाणवठे किती, त्यांतले फुटके किती, कोणत्या वस्तीची विहीर आधी आटते, पाऊस वीस दिवस लांबला तर गुरांचा चारा कोठून येईल, ही यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली तरी आराखड्याचे निम्मे काम झाले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. तेथे शेतीसाठी कूपनलिका खोदायला बंदी आहे. पाणी साठवणे सोपे, ते बेताने वापरण्याचा निर्बंध स्वतःवर घालणे कठीण. पण या दुसऱ्या गोष्टीवाचून पहिली व्यर्थ जाते.

शहराची गोष्ट निराळी नाही. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या झाशीत तलाव म्हणजे पाणी साठवण्याची जागा, पुराला वाट देणारी जागा आणि तापलेल्या वस्तीला गारवा देणारी जागाही आहे. त्यात सांडपाणी सोडणे म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम गमावणे होय. उष्णतेपुरते बोलायचे तर अहमदाबादच्या महानगरपालिकेने मार्ग दाखविला आहे. २०१० च्या मे महिन्यात तेथे नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये पालिकेने आराखडा केला: तापमानाचा अंदाज येताच इशारा द्यायचा, पाणपोया उघडायच्या, दवाखाने सज्ज ठेवायचे. यात अवघड यंत्रसामग्री काही नाही. कोणत्या दिवशी कोणी काय करायचे हे आधी ठरलेले आहे, एवढेच.

आणि सारे काही त्यातच आहे. बुंदेलखंडात योजनांची वाण कधी नव्हती. वाण होती ती योजना संपल्यावर तिची राखण करणाऱ्याची. बुडणाऱ्या शेताच्या मालकाला भरपाई कोण देईल, सांडव्याची फळी कोण काढील, गाळ कोणत्या वर्षी उपसायचा, हे प्रश्न क्षुल्लक दिसतात. परंतु तीनशे वर्षांची हवेली त्यांच्या उत्तरावर उभी होती आणि ते उत्तर हरवल्याबरोबर ढासळली. आकाशातला पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही आणि तो कोणाच्या हुकुमातलाही नाही. गावाचा बांध मात्र गावाच्या हाती आहे. तो ज्येष्ठ लागण्यापूर्वी कोणी पाहून येतो की नाही, यावरच पुढच्या वैशाखातले झाशीचे पाणी ठरणार आहे.